५ टक्के म्हणजे ०.५ का नाही? सातवीतल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे

प्रश्न: चोपडा तालुक्यातील एक पालक

नमस्कार. माझी मुलगी सातवीत आहे. मी स्वतः बारावीनंतर शिक्षण सोडून खते-बियाण्यांचे लहानसे दुकान चालवतो. तिच्या घटक चाचणीत शेकडेवारीची पाच उदाहरणे होती. त्यांपैकी तीन चुकली. उत्तरपत्रिका समोर घेऊन बसल्यावर लक्षात आले की तिन्ही चुकांचे मूळ एकच आहे.

पहिले उदाहरण असे होते: ८४० रुपये छापील किंमत असलेल्या वस्तूवर दुकानदाराने शेकडा ५ सूट दिली, तर विक्री किंमत किती? तिने ५ टक्के म्हणजे ०.५ असे लिहिले, ८४० ला ०.५ ने गुणले, सूट ४२० रुपये काढली आणि विक्री किंमतही ४२० रुपयेच लिहिली. दुकानदाराच्या घरात वाढलेल्या मुलीला पाच टक्के सुटीत निम्मी किंमत गेल्याचे खटकू नये, याचे मला आधी हसू आले आणि नंतर वाईट वाटले. दुसऱ्या उदाहरणात १२.५ टक्क्यांचे रूपांतर तिने ०.१२.५ असे केले आहे, म्हणजे एकाच संख्येत दोन दशांश चिन्हे आहेत. तिसऱ्यात ०.५ टक्के होते. ते ‘आधीच दशांशात आहे’ म्हणून तिने तसेच ठेवले.

मी तिला ५ टक्के म्हणजे ०.०५ असे सांगितले, तेव्हा तिने मला विचारले, ‘‘बाबा, ५० टक्के म्हणजे ०.५० हे बाईंनीच फळ्यावर लिहिले. ०.५० मधले शेवटचे शून्य काढले तरी चालते, हेही त्यांनीच सांगितले. मग ५० मधले शून्य काढून ५ टक्के केले, तर ०.५ का होत नाही?’’ मला उत्तर देता आले नाही. ‘चिन्ह दोन घरे डावीकडे सरकवायचे’ हा नियम मलाही पाठ आहे, परंतु मी रोजचा हिशेब कॅल्क्युलेटरवर टक्क्यांचे बटण दाबून करतो आणि तो नियम का आहे, याचा विचार कधी केलेला नाही. कृपया एखाद्या शिक्षकाने किंवा जाणकाराने तिला पटेल असे सांगावे.

उत्तर: निवृत्त गणित शिक्षक, अमळनेर

नमस्कार. सर्वप्रथम, मुलीला रागावू नका. तिचा युक्तिवाद चुकीचा असला तरी तो विचार करून केलेला आहे, आणि नियम पाठ करून बरोबर उत्तर लिहिणाऱ्या पुष्कळ मुलांना असा प्रश्न सुचतसुद्धा नाही.

तिची गफलत शून्याच्या जागेबाबत झाली आहे. ०.५० मधले शेवटचे शून्य एवढेच सांगते की पाच दशांशांनंतर शतांशाच्या घरात काही नाही. ते घर मोकळे सोडले काय आणि तिथे शून्य लिहिले काय, पाच हा अंक आपल्या जागेवरून हलत नाही. ५० मधले शून्य मात्र एककाचे घर धरून बसलेले असते आणि त्याच्यामुळेच ५ दशकाच्या घरात राहतो. ते पुसले की ५ घसरून एककात येतो आणि संख्येची किंमत एकदशांश होते. म्हणजे दोन्ही शून्ये दिसायला सारखी असली, तरी एक नुसते उभे आहे आणि दुसरे काम करते आहे. ५० टक्क्यांचे ५ टक्के झाले, म्हणजे किंमत एकदशांश झाली, तेव्हा ०.५० चीही किंमत एकदशांश व्हायला हवी, आणि ०.५० चा एकदशांश ०.०५ आहे. हे तिने आपल्या हाताने वहीत शतक, दशक, एकक, दशांश, शतांश अशी घरे आखून, प्रत्येक घरात अंक मांडून पाहावे.

आता नियमाकडे येतो. टक्का म्हणजे शंभरातला भाग, म्हणून ५ टक्के म्हणजे ५ भागिले १००. शंभराने भागताना प्रत्येक अंकाची किंमत शंभरपट कमी होते, म्हणजेच प्रत्येक अंक दोन घरे उजवीकडे जातो. वर्गात ‘चिन्ह डावीकडे सरकवा’ असे सांगण्याची पद्धत आहे आणि उत्तर त्यानेही बरोबरच येते. परंतु खरे पाहता चिन्ह एकक आणि दशांश यांच्यामध्ये जागच्या जागी असते आणि सरकतात ते अंक. मुलीने ०.१२.५ लिहिले ते याच कारणाने. तिने १२ च्या मागे नवे चिन्ह दिले आणि जुने चिन्ह पुसायला ती विसरली. अंक सरकवून पाहिले तर असे होणारच नाही: १२.५ मधला १ दशकातून दशांशात जाईल, २ एककातून शतांशात जाईल, ५ दशांशातून सहस्रांशात जाईल आणि संख्या ०.१२५ होईल.

एवढे करूनही पटले नाही, तर पैशांकडे वळा. मी चौतीस वर्षे शिकवले आणि यापेक्षा चांगले साधन मला सापडले नाही. रुपयाचे पैसे शंभर. म्हणून एक टक्का म्हणजे रुपयामागे एक पैसा. पन्नास टक्के म्हणजे रुपयामागे पन्नास पैसे, आणि ते आपण ०.५० रुपये असे लिहितो. पाच पैसे रुपयांत कसे लिहायचे, हे तिला विचारा. ०.५ लिहिले तर ते पन्नास पैसे होतील, हे तिचे तिलाच दिसेल. ०.५ टक्के म्हणजे रुपयामागे अर्धा पैसा, म्हणून ०.००५. यात अडचण एवढीच आहे की २५ पैसे आणि त्याहून लहान नाणी ३० जून २०११ पासून चलनात राहिलेली नाहीत. सातवीतल्या मुलीने पाच पैशांचे नाणे पाहिलेले असण्याचा संभव नाही. माझ्याजवळ डब्यात जपून ठेवलेली चौकोनी पाच पैशांची काही नाणी आहेत, तीच मी वर्गात फिरवत असे. आपल्या गावात एखाद्या आजोबांकडे नक्की मिळतील.

शेवटी एक सवय लावा. गुणाकाराला हात घालण्याआधी दहा टक्के काढून पाहायचे. ८४० चे दहा टक्के ८४, म्हणून पाच टक्के त्याच्या निम्मे, म्हणजे ४२. हा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहिलेला असेल, तर ४२० हे उत्तर लिहिताना हात आपोआप थांबेल.

उत्तर: जळगावच्या सराफ बाजारातील हिशेबनीस

सरांनी मूळ कल्पना उत्तम सांगितली आहे. मी गणिताचा शिक्षक नाही; मात्र टक्के आणि दशांश यांच्यावरच माझे पोट चालते, म्हणून धंद्यातली दोन उदाहरणे देतो.

घरातल्या एखाद्या हॉलमार्क असलेल्या दागिन्यावरचा शिक्का मुलीला भिंगातून दाखवा. बावीस कॅरेटच्या दागिन्यावर ९१६ हा आकडा दिसतो. चोवीस भागांपैकी बावीस भाग शुद्ध सोने, म्हणजे २२ भागिले २४, म्हणजे ०.९१६ आणि पुढे सहा येतच राहतात; टक्क्यांत सांगायचे तर सुमारे ९१.६. शिक्क्यावर दशांश चिन्ह नसते, कारण ते हजारातले भाग आहेत. अठरा कॅरेटवर ७५० असते, म्हणजे ७५ टक्के, म्हणजे ०.७५०. दहा ग्रॅमच्या बावीस कॅरेट साखळीत शुद्ध सोने किती, हे काढण्यासाठी १० ला ०.९१६ ने गुणायचे, की ९.१६ ग्रॅम येते. एकच गोष्ट कॅरेटमध्ये, टक्क्यांत, दशांशात आणि हजारांशात अशा चार भाषांत लिहिलेली आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की टक्के म्हणजे काही वेगळा पदार्थ नाही, हे मुलांना कळते.

दुसरी गोष्ट सुटीच्या उदाहरणाबद्दल. आधी सूट काढायची आणि मग वजा करायची, या दोन पायऱ्यांत मुले दुसरी पायरी विसरतात. (आपल्या मुलीची ती पायरी योगायोगाने लपून गेली, कारण निम्मे वजा केले तरी निम्मेच उरते!) आम्ही सरळ एका पायरीत करतो. पाच टक्के सूट म्हणजे ग्राहकाने ९५ टक्के द्यायचे, म्हणून ८४० गुणिले ०.९५, उत्तर ७९८ रुपये. सोन्यावर ३ टक्के जीएसटी लागतो, म्हणून १.०३ ने गुणायचे. १.०३ ऐवजी १.३ ने गुणणारा नवा मुलगा दर दोन-तीन वर्षांनी आमच्याकडे एखादा येतोच. त्याचीही चूक आपल्या मुलीच्याच घरातली आहे.

आणि उलटा हिशेब करताना सावध राहा. करासह बिल ६१,८०० रुपये असेल, तर कराआधीची रक्कम काढण्यासाठी त्यातून तीन टक्के वजा करायचे नसतात. ६१,८०० चे तीन टक्के वजा केले तर ५९,९४६ येतात, पण खरी रक्कम ६१,८०० भागिले १.०३, म्हणजे ६०,००० आहे. तीन टक्के ६०,००० वर लावलेले होते, ६१,८०० वर नव्हे. चोपन्न रुपयांचा फरक लहान दिसतो. तो बिलागणिक पडू लागला की रात्री वही जुळत नाही.

उत्तर: शिकवणी घेणारी एक ताई, धुळे

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. तरीही प्रत्येक टक्केवारीचे दशांशात रूपांतर करण्याचा आग्रह मला पटत नाही. शाळेच्या परीक्षेत आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, आणि ०.१२५ ने गुणत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे. १२.५ टक्के म्हणजे एक अष्टमांश. ६४० चे साडेबारा टक्के काढायचे असतील, तर आठाने भागून ८० लिहायचे आणि पुढे जायचे. २५ टक्के म्हणजे पाव, ५० म्हणजे निम्मे, ७५ म्हणजे पाऊण, १२५ म्हणजे सव्वापट, १५० म्हणजे दीडपट. आपल्या भाषेत या प्रत्येक भागाला स्वतंत्र शब्द आहे आणि आपल्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही सगळी कोष्टके तोंडपाठ केलेली होती. ती मुले टक्केवारीचे नाव न घेता तेच गणित करत होती.

शिवाय काही टक्के दशांशात पूर्ण बसतच नाहीत. शेकडा ३३ पूर्णांक एक तृतीयांश म्हणजे ०.३३३३ असे कितीही पुढे गेले तरी संपत नाही. अपूर्णांकात मात्र तो नेटका एक तृतीयांश आहे. ९०० चे इतके टक्के काढताना ज्याने ०.३३ घेतले, त्याचे उत्तर २९७ येईल आणि ज्याने तिनाने भागले, त्याचे ३०० येईल. त्यामुळे मुलीला दोन्ही वाटा दाखवा आणि संख्या पाहून वाट निवडायला शिकवा. ७ टक्के, १८ टक्के, २.४ टक्के असे काही आले की दशांश. २०, २५, १२.५ असे काही आले की अपूर्णांक.

उत्तर: कापूस उत्पादक शेतकरी, धरणगाव परिसर

मंडळी, सोन्याचे बोलणे झाले, आता पांढऱ्या सोन्याचेही थोडे होऊ द्या. माझा मुलगाही याच इयत्तेत होता तेव्हा मी त्याला जिनिंगमध्ये नेऊन हे शिकवले होते.

कापसातून सरकी काढली की जी उरते ती रुई, आणि कापसाच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश रुई निघते. वाणाप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे आकडा थोडा वरखाली होतो. हिशेबासाठी ३४ टक्के धरा. १८ क्विंटल कापसातून रुई किती, तर १८ गुणिले ०.३४, म्हणजे ६.१२ क्विंटल, म्हणजे ६१२ किलो. रुईची एक गाठ १७० किलोची असते, म्हणून ६१२ भागिले १७०, साडेतीन गाठींहून किंचित जास्त, नेमके ३.६. हे मुलाने पटकन केले.

अडला तो उलट्या प्रश्नावर. एक गाठ रुई हवी असेल तर कापूस किती लागेल? त्याने १७० ला ०.३४ ने गुणले आणि ५७.८ किलो असे उत्तर काढले. मी काही न बोलता समोरच्या ढिगाकडे बोट दाखवले आणि विचारले, ‘‘सत्तावन्न किलो कापसातून एकशे सत्तर किलो रुई कुठून काढशील?’’ तेव्हा त्याला समजले की १७० हा पूर्ण माल नाही. तो ३४ टक्क्यांचा तुकडा आहे आणि पूर्ण माल काढायला भागावे लागते. १७० भागिले ०.३४, उत्तर ५०० किलो, बरोबर पाच क्विंटल. एकाहून लहान संख्येने भागले की उत्तर वाढते, ही गोष्ट मुलांना वहीत फार विचित्र वाटते, पण ढीग समोर असला की वाटत नाही.

आणखी एक, ओलाव्याचे. ओलावा ८ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेला, तर तो दोन टक्क्यांनी वाढला असे आपण सगळेच बोलतो. पण आधीच्या ८ च्या मानाने ती २ ची वाढ आहे, म्हणजे शेकडा २५. दोन्ही बोलणी चालतात. उदाहरणात कोणते विचारले आहे, ते दोनदा वाचून घ्यावे.

मूळ प्रश्नकर्त्या पालकांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. पाच पैशांचे नाणे आमच्या शेजारच्या आजींच्या देवघरात सापडले आणि त्याच्यावरूनच गाडी रुळावर आली. मुलीने आपण होऊन वहीत ‘५ पैसे = ०.०५ रुपये’ असे लिहून त्याच्याखाली ‘५ टक्के’ लिहिले आहे.

आता एक शंका माझी स्वतःची आहे. आमच्याकडे हातउसने देताना व्याज ‘शेकडा दोन’ असे बोलले जाते. बाजारात अहिराणीत ‘शेकडाले कितला?’ एवढेच विचारतात आणि तेवढ्यावर व्यवहार ठरतो. पुस्तकातल्या सरळव्याजाच्या उदाहरणातही ‘द. सा. द. शे.’ असते. मुलीने मला विचारले की वीस हजारांवर शेकडा दोनने पाच महिन्यांचे व्याज किती, तर मी २,००० रुपये सांगितले आणि तिने पुस्तकी रीतीने १६६ रुपये ६७ पैसे काढले. दोघांनीही ०.०२ नेच गुणले आहे. मग एवढा फरक कसा?

उत्तर: निवृत्त गणित शिक्षक, अमळनेर

फरक ‘द. सा.’ या दोन अक्षरांत आहे. ‘दर साल दर शेकडा’ म्हणजे शंभर रुपयांवर एका वर्षाला. बाजारातले ‘शेकडा दोन’ मात्र शंभर रुपयांवर एका महिन्याला असते, फक्त महिना हा शब्द कोणी उच्चारत नाही. आपण २०,००० गुणिले ०.०२ गुणिले ५ महिने केले, म्हणून २,००० आले. मुलीने ५ महिन्यांचे वर्षात रूपांतर करून १२ ने भागले, म्हणून तिचे उत्तर आपल्या उत्तराच्या एक बारांश आले. तिने उदाहरण जसे वाचले त्याप्रमाणे तिचे बरोबर आहे आणि व्यवहाराप्रमाणे आपले. बोलीतले शेकडा दोन म्हणजे पुस्तकातले द. सा. द. शे. २४, हे कर्ज घेणाऱ्या प्रत्येकाने दाराच्या चौकटीवर खडूने लिहून ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दरमहा शेकड्याने व्याज मोजण्याची ही रीत फार जुनी आहे. आपल्या चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीच्या परिसरात जो शिलालेख सापडला, त्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. त्याच भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त असे उदाहरण आहे की शंभरावर महिन्याला पाच व्याज असेल, तर सोळावर वर्षाचे व्याज किती? ते त्यांनी पंचराशिकाने, म्हणजे पाच माहीत राशींवरून सहावी काढण्याच्या रीतीने सोडवले. त्या काळी दशांश चिन्ह नव्हते. आपल्या मुलीला ते दशांशाने सोडवायला द्या. १६ गुणिले ०.०५ गुणिले १२, म्हणजे ९.६, आणि ग्रंथातले उत्तर नऊ पूर्णांक तीन पंचमांश आहे. ती जर अजूनही ०.५ घेत असेल, तर उत्तर ९६ येईल आणि सोळा रुपयांवर शहाण्णव रुपये व्याज पाहून तीच दचकेल.

मूळ प्रश्नकर्त्या पालकांचे उत्तर

सर, ९.६ आले. ‘तीन पंचमांश म्हणजे साठ पैसे’ हे पडताळायला तिला थोडा वेळ लागला, पण तिचे तिने केले.

काल रात्री दुकान बंद केल्यावर मी तिची उलटी परीक्षा घेतली, म्हणजे दशांश दिला आणि टक्के विचारले. ०.०७ चे ७ टक्के तिने लगेच सांगितले. ०.४ म्हटल्यावर आधी ‘चार टक्के’ म्हणाली, मग थांबली, वहीत ४ च्या पुढे पेन्सिलीने एक शून्य लिहिले आणि म्हणाली, ‘‘नाही, चाळीस पैसे आहेत ते.’’ ०.३७५ ला ती अडली नाही. ‘साडेसदतीस’ म्हणाली आणि नाणे पुन्हा आजींना नेऊन द्यायला गेली.